'पिकअप नाही' म्हणजे नक्की काय?

गाडी जुनी झाली की तिच्याबद्दल घरोघरी एकच तक्रार ऐकू येते: 'पिकअप राहिला नाही.' डॉक्टरांकडे जाऊन नुसतं 'बरं वाटत नाही' म्हणावं, तसंच हे. ताप आहे, पोट बिघडलंय की सबमिशन जवळ आलंय, हे डॉक्टरांनी शोधायचं. डॉक्टर निदान चार प्रश्न तरी विचारतात. गॅरेजमध्ये मात्र बरेचदा बॉनेट उघडायच्या आतच निकाल लागलेला असतो: 'इंजिनचं काम निघालंय, साहेब.'

खरं तर 'गाडी ओढत नाही' याचे तीनच अर्थ होतात. एक, इंजिन ताकद तयारच करत नाही. दोन, इंजिन ताकद तयार करतं, पण ती चाकांपर्यंत पोचत नाही. तीन, ताकद पोचते, पण कुणीतरी ती मध्येच खातंय, म्हणजे ब्रेक चिकटलाय किंवा टायरमध्ये हवा कमी आहे. पहिलं दुखणं इंजिनचं, दुसरं ट्रान्समिशनचं. या दोन्हींचा खर्च आणि खोलाखोल इतकी वेगळी आहे की त्यांची अदलाबदल झाली तर माणूस गाडी विकायलाच काढतो.

ट्रान्समिशनला मराठीत 'पारेषण' म्हणतात. मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे हा शब्द मला डिक्शनरीत सापडला आणि फार आवडला. पण सांगलीतल्या कुठल्याही गॅरेजात जाऊन 'पारेषणात बिघाड आहे' असं सांगून बघा. मिस्त्री तुम्हाला लाइटच्या ऑफिसचा पत्ता देईल! तेव्हा या लेखात क्लच, गिअरबॉक्स, क्रॉस आणि डिफरन्शियल असंच म्हणू या. मिस्त्रीलोक तेच म्हणतात.

उदाहरणासाठी गाडी घेऊ प्रीमियर पद्मिनी, म्हणजे सगळ्यांची 'फियाट'. सांगलीच्या वालचंद कॉलेजला ज्यांचं नाव आहे, त्या वालचंद हिराचंद यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. सोलापूरचा हा माणूस जहाजं, विमानं आणि मोटारी या तिन्हींच्या मागे लागला होता. फियाटचं हे मॉडेल १९६४ पासून इथे बनू लागलं, सत्तरच्या दशकात त्याचं नाव पद्मिनी झालं आणि २००० च्या सुमारास ते बंद झालं. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीसुद्धा ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून गेल्या. पण आमच्या साताऱ्याकडे अजून काही घरांत ही गाडी चालते, नुसती शेडमध्ये उभी नसते. शिकण्यासाठी तिच्यासारखी गाडी नाही. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, कार्बोरेटर, पॉइंट, मागच्या चाकांना ड्राइव्ह. लपवाछपवी काहीच नाही. कॉम्प्युटर नाही, त्यामुळे स्कॅनरही नाही. जे काही कळायचं ते कान, नाक, हात आणि दोन-तीन गेज यांच्यावरच कळतं.

साताऱ्याला माझ्या मामाची १९९७ ची पद्मिनी आहे, एमएच-अकरा पासिंगची. आजीच्या गुडघ्यांमुळे एसटीचा प्रवास बंद झालाय आणि तिला दर महिन्याला मिरजेला दवाखान्यात न्यावं लागतं, म्हणून ही गाडी ठेवलेली. गेल्या दिवाळीच्या आधी ती यवतेश्वरच्या घाटात ओढेना. एका गॅरेजने सांगितलं, 'रिंगा गेल्या, बोअर करावं लागेल.' त्यांच्याकडे पुरावे तीन. घाट चढत नाही. सकाळी सुरू करताना निळा धूर येतो. आणि कॉम्प्रेशन घेतलं तर चारही सिलिंडरला ८५ च्या आसपास. सांगितलेला खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. त्यात २०२७ ला परत पासिंगची पाळी. मामाने भंगारवाल्याचा नंबर आणूनही ठेवला होता. मामी म्हणाली, 'आधी आपल्या पोरीला बघू दे, चार वर्षं फी कशाला भरतोय?' (तिसरंच वर्ष चालू आहे, पण मामीला कोण सांगणार!)

आता हे तिन्ही पुरावे एकेक करून तपासू.

घाटापासून सुरुवात करते. घाटात पिकअप कमी होणं हे थोडंफार निसर्गाचंच देणं आहे. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, पाचगणी जवळपास तेराशेवर. उंची शंभर मीटर वाढली की हवेची घनता साधारण एक टक्क्याने घटते. म्हणजे सांगलीची गाडी पाचगणीला पोचेपर्यंत सात टक्के ताकद गमावते, आणि कार्बोरेटरला हे कळत नसल्याने तो पेट्रोल जरा जास्तच देत राहतो. पण ही घट इंजिनची असते. इंजिन दमतं, त्याचा आवाज खाली बसतो, गिअर उतरवावा लागतो. मामाची गाडी नेमकी उलटं करत होती. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन गरजायचं आणि गाडी तिथेच. शिवाय जळका वास. ज्याच्या रिंगा गेल्या ते इंजिन असं मोकळं गरजत नाही.

इथे थोडं गणित करू. एखाद्या गिअरमध्ये इंजिनचे फेरे आणि गाडीचा वेग यांचं गुणोत्तर ठरलेलं असतं, कारण मध्ये फक्त दातेरी चाकं आहेत आणि दाते घसरत नाहीत. घसरू शकतो तो फक्त क्लच. समजा डिफरन्शियलचं गुणोत्तर ४.३ आहे, चाकाचा परीघ १.८ मीटर आहे आणि टॉप गिअर डायरेक्ट, म्हणजे १:१. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १००० मीटर. चाकाचे फेरे झाले ५५५ आणि इंजिनचे साधारण २३९०. आता त्याच वेगाला इंजिन २८९० वर फिरत असेल तर ५०० फेरे क्लचमध्ये हरवले. इंजिन ६० न्यूटन-मीटरचा टॉर्क देत असेल तर तिथे जाणारी ताकद तीन किलोवॅटच्या वर जाते. हॉस्टेलवर बंदी असलेले एक किलोवॅटचे तीन इमर्शन रॉड एका बंद डब्यात चालू ठेवल्यासारखंच हे! तो जळका वास कुठून येतो ते आता कळलं असेल.

टॅकोमीटर नसला तरी अडत नाही. सपाट, मोकळ्या रस्त्यावर टॉप गिअरमध्ये चाळीसच्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर एकदम दाबा. आवाज आणि वेग बरोबर वाढले तर क्लच ठीक. आवाज पुढे पळाला आणि वेग मागून आला तर क्लच घसरतोय. उभ्या गाडीवरही एक टेस्ट करता येते. हँडब्रेक पक्का ओढायचा, चाकांना दगड लावायचे, गाडीच्या पुढे-मागे कुणी नको. तिसरा किंवा चौथा गिअर टाकून, इंजिन थोडं वाढवून, क्लच हळूहळू सोडायचा. चांगला क्लच इंजिनला लगेच बंद पाडतो. इंजिन चालूच राहिलं तर ताबडतोब पेडल दाबा. ही टेस्ट एकदाच करायची, पुन्हापुन्हा केली तर उरलीसुरली क्लचप्लेटही जळते.

क्लच घसरतोय हे कळलं म्हणून लगेच गिअरबॉक्स उतरवायचा नसतो. पेडलला वरच्या बाजूला थोडा मोकळा खेळ हवा, साधारण दोन-अडीच सेंटिमीटर. प्लेट झिजत जाते तसा हा खेळ कमी होत जातो. खेळ शून्य झाला की पाय काढला तरी क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो. मामाच्या गाडीला खेळ नव्हताच. लिव्हरच्या नटावर तो करून दिला तर गाडी सपाटीवर सुधारली, पण चढावर टॉपमध्ये घसरणं चालूच राहिलं. म्हणजे प्लेट संपली किंवा तिला तेल लागलं.

पुरावा दुसरा, निळा धूर. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, इथपर्यंत बरोबर. पण ऑइल आत यायच्या वाटा दोन आहेत: खालून रिंगांकडून आणि वरून व्हॉल्व्ह गाइडमधून. कुठली वाट ते धुराची वेळ सांगते. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू करताना एक ढग सोडते आणि मग स्वच्छ होते, तर रात्रीत गाइडमधून ऑइल झिरपलं. घाट उतरताना पाय काढून ठेवला आणि खाली आल्यावर ॲक्सिलरेटर देताच ढग आला, तरी गाइडच, कारण उतारावर थ्रॉटल बंद असताना आत जबर व्हॅक्यूम होतो आणि तो ऑइल ओढतो. रिंगा गेलेल्या असतील तर जोर लावताना सतत धूर येतो, आणि ऑइल भरायचं झाकण उघडलं की आतून भपकारे येतात. मामाच्या गाडीत फक्त सकाळचा ढग होता. (महाबळेश्वरला थंडीत सगळ्याच गाड्या पांढरी वाफ सोडतात, तिला घाबरू नका. इंजिन गरम झाल्यावरही पांढरं थांबत नसेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर मात्र हेड गॅसकेट बघा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. बरेचदा चोकच आत ढकललेला नसतो.)

तिसरा पुरावा कॉम्प्रेशनचा, आणि इथे आकडा असल्यामुळे सगळे गप्प बसतात. पण आकडा कसा घेतला हे विचारायचं असतं. चारही सिलिंडर सारखेच आणि सारखेच कमी, हे ऐकूनच शंका यावी. रिंगा झिजतात त्या चारही अगदी एका मापाने क्वचितच. असं दिसलं की आधी टेस्टवर संशय घ्यायचा, मग इंजिनवर. थ्रॉटल बंद ठेवून टेस्ट घेतली तर सिलिंडरला हवाच मिळत नाही. बॅटरी उतरलेली असेल तर स्टार्टर रेंगाळतो आणि हवा गळायला वेळ मिळतो. दोन्हींमुळे चारही आकडे खाली येतात.

सांगलीतले एक जुने मिस्त्री आहेत, सगळे त्यांना तात्या म्हणतात. त्यांच्याकडे आम्ही टेस्ट पुन्हा घेतली. इंजिन गरम केलं, चारही प्लग काढले, कॉइलची वायर काढून ठेवली, चार्ज केलेली बॅटरी लावली. मामाने ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरला आणि प्रत्येक सिलिंडरला सहा-सहा दणके दिले. आकडे आले १२१, ११८, १२० आणि ११७. तात्यांनी गेज पुसून डबीत ठेवलं आणि म्हणाले, 'पोरी, ह्या इंजिनला कशाला सुरी लावायची?'

आकडे खरोखर कमी आले असते तर पुढची पायरी सोपी आहे. त्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घालून परत मोजायचं. आकडा चांगला वाढला तर ऑइलने रिंगांची फट भरली, म्हणजे दोष रिंगा-बोअरचा. वाढलाच नाही तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी असतील तर त्यांच्यामधलं गॅसकेट फुंकलंय. एका चमचा तेलात एवढी माहिती मिळते, हे मला इंजिनिअरिंगमधलं सगळ्यात देखणं वाटतं.

शेवटी गिअरबॉक्स उतरवला. प्लेट रिव्हेटपर्यंत आलेली आणि तेलाने भिजलेली. तेल इंजिनचं की गिअरबॉक्सचं? तात्यांनी बोट लावून वास घेतला आणि बोट माझ्या नाकापुढे धरलं. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, एकदा घेतला की विसरत नाही. म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढच्या बाजूचं सील गळत होतं. नुसती प्लेट बदलली असती तर थोड्या महिन्यांत नवी प्लेटही भिजली असती. सील, प्लेट आणि रिलीज बेअरिंग बदललं, फ्लायव्हीलचा चेहरा लेथवर हलकासा साफ केला. खर्च बोअरिंगच्या अंदाजाच्या एक-पंचमांशाच्या आत बसला. सकाळचा निळा ढग अजून येतो. गाइडचं काम करायला हेड काढावं लागेल आणि ऑइल फार खात नाही, म्हणून मामाने तूर्त तिकडे लक्ष दिलेलं नाही. आजी पुढच्याच महिन्यात त्याच गाडीने मिरजेला जाऊन आली.

गिअरबॉक्सचं निदान बहुतेक कानावर चालतं. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये, पाय क्लचवरून काढलेला: घरघर येते आणि पेडल दाबलं की थांबते, तर गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग, कारण पेडल दाबल्यावर आतला इनपुट शाफ्ट थांबतो. याच्या उलट, पेडल दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. पद्मिनीसारख्या गाड्यांत चौथा गिअर डायरेक्ट असतो, ताकद सरळ आरपार जाते आणि खालच्या ले-शाफ्टवर भार येत नाही. म्हणून पहिल्या तीन गिअरमध्ये रडणारी गाडी चौथ्यात शांत झाली तर ले-शाफ्टची बेअरिंगं बघायची. एकाच गिअरमध्ये आवाज असेल तर त्या गिअरचे दाते. सगळ्या गिअरमध्ये सारखाच, वेगाबरोबर वाढणारा आवाज असेल तर गिअरबॉक्सला सोडा आणि मागे जा. ॲक्सिलरेटर दिल्यावर आणि सोडल्यावर सूर बदलला तर डिफरन्शियल, वळणावर बदलला तर चाकाचं बेअरिंग. पुढे-मागे करताना 'टक्' असा ठोका आला तर क्रॉस.

गिअर टाकताना कर्रर्र होतं, तेव्हा सगळे सिंक्रोनायझरला शिव्या देतात. आधी उभ्या गाडीत क्लच पूर्ण दाबा, पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. तरीही कर्रर्र झालं तर क्लच पूर्ण सुटतच नाही. रिव्हर्स गुपचूप पडला पण चालत्या गाडीत फक्त दुसऱ्याला ओरडते, तर सिंक्रोनायझर. आणि गिअर 'उडतो' ही तक्रार कधीही हलकी घेऊ नका. पसरणी घाट उतरताना तिसरा उडाला की इंजिनचा ब्रेक गेला, सगळा भार पायाखालच्या ब्रेकवर. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगपाशी असतो, तिथून गिअरबॉक्सपर्यंत दांड्यांची लांबलचक साखळी येते. तिचे बुश झिजले की गिअर पूर्ण बसत नाही. गिअरबॉक्स खोलायच्या आधी हे बुश आणि इंजिन-गिअरबॉक्सची माउंटिंग रबरं बघणं फुकटात होतं.

'मिसिंग'वर एक स्वतंत्र लेख होईल, इथे एकच युक्ती सांगते: अदलाबदल. पॉइंटच्या जुन्या गाडीत, इन्सुलेटेड पक्कडीने एकेका प्लगची वायर काढून बघा. जी काढल्यावर इंजिनला काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला. (इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत हे करू नका, कॉइल किंवा मॉड्यूल जाईल.) मग त्याचा प्लग शेजारच्याशी बदला. रोग प्लगबरोबर गेला तर प्लग, नाही तर वायर बदला, तरीही जागचा हलला नाही तर कॉम्प्रेशन घ्या. पॉइंटची फट ०.४ ते ०.५ मिलिमीटर आहे का हे मात्र सगळ्यात आधी बघायचं.

एप्रिल-मेमध्ये खंबाटकी चढताना गाडी गपकन बंद पडते आणि वीस मिनिटांनी काही न करता सुरू होते, असं बऱ्याच जणांच्या वडिलांनी सांगितलं असेल. पेट्रोल पंप इंजिनवरच बसवलेला असतो, तिथे पेट्रोलची वाफ होते आणि वाफ काही पंपाला ओढता येत नाही. ओलं फडकं टाकायचा उपाय त्यासाठीच. पण गरम झालेली कॉइल किंवा कंडेन्सरही हुबेहूब असंच करतात. फरक कळतो तो फक्त गाडी बंद पडलेल्या त्याच मिनिटाला: प्लगला ठिणगी येते का बघा. येत असेल तर वाफ, नसेल तर कॉइल-कंडेन्सर. गाडी थंड झाल्यावर गॅरेजला नेली की दोघंही निर्दोष ठरतात.

आणि आता एक नवा पाहुणा आलाय, इथेनॉल. २०२५ पासून देशभर पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्या सांगली-साताऱ्याच्या उसासाठी ही चांगली बातमी, जुन्या कार्बोरेटरसाठी तेवढी नाही. साध्या पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, या मिश्रणाला साधारण साडेतेरा पट. जुना जेट आहे तसाच राहतो, म्हणून मिश्रण पातळ पडतं: दचके बसतात, चोक उशिरापर्यंत लागतो, प्लग पांढरट दिसतात. यालाही 'पिकअप नाही' असंच म्हटलं जातं आणि यावर बोअरिंगचा काहीही उपयोग नाही, जेट बदलून बघावा लागतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे जुन्या रबराला हे पेट्रोल सोसत नाही. पाइप बोटांनी दाबून बघा, चिकट किंवा मऊ लागला तर तो बदलेपर्यंत गाडी सुरू करू नका, खाली गरम मॅनिफोल्ड आहे. पंपाचा डायफ्राम फाटला तर पेट्रोल बाहेर दिसत नाही, ते सरळ खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. अशा वेळी डिपस्टिकवर ऑइल कमी नव्हे, वाढलेलं दिसतं. ऑइल खाणाऱ्या जुन्या गाडीचं ऑइल आपोआप वाढलं तर डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर पंप आणि ऑइल दोन्ही बदलायचं, आणि त्याच दिवशी, कारण पातळ झालेलं ऑइल बेअरिंगना वाचवत नाही.